नळाच्या तोंडाची छोटी जाळी: कुठे लावावी, कुठे लावू नये

उन्हाळा जवळ आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत 'शटडाऊन' हा शब्द पेपरात वारंवार दिसायला लागतो. कधी जलवाहिनीची दुरुस्ती, कधी पंपिंग स्टेशनचं काम, कधी धरणात साठा कमी म्हणून कपात. घोडबंदर रस्त्यावरच्या अनेक सोसायट्यांच्या गेटवर टँकर उभा दिसला तर आता कुणी मान वळवूनही पाहत नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर सल्ले फिरू लागतात, आणि त्यातला एक हमखास असतो: नळाला एरेटर, म्हणजे तोंडाशी बसणारी छोटी जाळी, लावा, निम्म्याहून जास्त पाणी वाचेल.

मार्च २०२४ मध्ये बंगळुरूमध्ये पाण्याची भीषण टंचाई झाली, तेव्हा तिथल्या पाणी मंडळाने व्यापारी आस्थापनं, हॉटेलं, उद्योग आणि अपार्टमेंट यांना एरेटर सक्तीचे केले. त्याआधी मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने कमी पाण्यात काम भागवणाऱ्या नळांसाठी 'भारत टॅप' नावाचा उपक्रम जाहीर केला होता. म्हणजे सल्ला खरा आहे. पण तो अर्धवट आहे. ही जाळी चुकीच्या नळाला लावली तर एक थेंबही वाचत नाही, उलट घरात वैताग होतो आणि चार दिवसांत ती काढून ड्रॉवरमध्ये जाते. योग्य नळाला लावली तर शे-दीडशे रुपयांत वर्षानुवर्षं पाणी वाचतं. हा फरक नेमका कशामुळे पडतो, ते नीट समजून घेऊ.

आपल्या वाट्याला पाणी किती?

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असा केंद्राच्या नियोजनातला मापदंड आहे. चौघांच्या घराला ५४० लिटर. त्यात आंघोळ, कपडे, भांडी, फ्लश, फरशी, पिणं सगळं आलं.

नवी मुंबई या बाबतीत नशीबवान. खालापूर तालुक्यातल्या धावरी नदीवरचं मोरबे धरण महापालिकेने २००२ मध्ये विकत घेतलं आणि शहराला स्वतःचं धरण मिळालं. दिवसाला ४५० दशलक्ष लिटर पाणी पुरवण्याची त्याची क्षमता आहे. ठाणे शहराकडे मात्र स्वतःचं धरण नाही. भातसा आणि तानसा ही मोठी धरणं याच जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत, पण त्यांचं पाणी प्रामुख्याने मुंबईला जातं. ठाण्याची गरज महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून भागवली जाते. चारपैकी कुठेही दुरुस्ती निघाली की शहराच्या कुठल्या ना कुठल्या भागात नळ कोरडे पडतात.

आपल्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत येणारं पाणी त्यामुळे ठरलेलं आणि मर्यादित असतं. ते संध्याकाळपर्यंत पुरवायचं की दुपारी टँकर बोलवायचा, हा प्रश्न बराचसा आपल्या नळांवर ठरतो.

मीटरची रिक्षा आणि शेअरची रिक्षा

ठाणे स्टेशनवरून शेअर रिक्षाने निघालात तर भाडं सीटमागे ठरलेलं. वाटेत सिग्नलला दहा मिनिटं थांबलात तरी तेवढंच. मीटरच्या रिक्षात मात्र गाडी उभी असली तरी आकडा पुढे सरकत राहतो. घरातले नळही असेच दोन तऱ्हांनी वापरले जातात.

बादली भरायची आहे, पिंप भरायचं आहे, कुकरमध्ये डाळीचं पाणी घ्यायचं आहे: इथे लागणारं पाणी ठरलेलं आहे. २० लिटरची बादली जाड धारेने भरा नाहीतर बारीक, पाणी २० लिटरच जाणार. धार बारीक केली तर फक्त वेळ वाढेल.

हात धुणं, दात घासणं, दाढी, भाजी धुणं, साबण लावलेली भांडी विसळणं: इथे भांडं भरायचं नसतं, नळ काही वेळ उघडा राहतो. जितका वेळ उघडा, तितकं पाणी. इथे धार बारीक झाली की बचत लगेच सुरू होते.

आपल्याकडे आंघोळ बहुतेक घरांत बादलीने होते. त्यामुळे बाथरूममधल्या बादलीच्या नळाला एरेटर लावण्यात काहीच अर्थ नाही. परदेशी जाहिरातींतले बचतीचे मोठमोठे आकडे शॉवरच्या आंघोळी धरून काढलेले असतात, ते आपल्या घराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्या घरात ही जाळी हवी ती दोनच जागी: स्वयंपाकघरातलं सिंक आणि वॉश बेसिन. शॉवर रोज वापरात असेल तर तिसरी जागा शॉवरची. बाकी सगळे नळ आहेत तसे राहू द्या.

ती जाळी नेमकं काय करते?

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाशी आट्यांवर बसणारा बोटाच्या पेराएवढा तुकडा. आत बारीक छिद्रांची चकती आणि तिच्याखाली जाळ्या असतात. पाणी त्या अरुंद छिद्रांतून जाताना वेग घेतं आणि कडेच्या फटींतून हवा आत ओढतं. जाळ्यांमध्ये पाणी आणि हवा मिसळतात आणि खाली फेसाळ, पांढरट, जाड दिसणारी धार पडते. दुकानदार तिला 'फोम फ्लो' म्हणतात. हाताला धार भरलेली लागते, पण तिच्यात पाणी कमी असतं. शिवाय ती शिंतोडे उडवत नाही.

उघडा, बिनजाळीचा नळ मिनिटाला सहज १० ते १५ लिटर पाणी सोडतो. एरेटरवर ३, ६, ८ असे आकडे असतात, ते मिनिटाला किती लिटर पाणी जाईल याचे.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही: प्रत्येक जाळी पाणी वाचवतेच असं नाही. नव्या नळांना येणाऱ्या अनेक जाळ्या फक्त धार सुबक दिसावी म्हणून असतात. त्यांतूनही भरपूर पाणी जातं. म्हणून "माझ्या नळाला जाळी आधीच आहे" एवढ्यावर थांबू नका. मोजून पाहा.

खरेदीआधी एक मिनिटाचं काम

एक लिटरचं मापाचं भांडं घ्या. नळ नेहमी उघडता तेवढाच उघडा आणि भांडं भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ६० ला त्या सेकंदांनी भागा. पाच सेकंदांत भरलं तर मिनिटाला १२ लिटर, दहा सेकंदांत भरलं तर ६ लिटर.

सिंकच्या नळाचा आकडा आठच्या वर असेल तर एरेटरचा फायदा नक्की दिसेल. सहाच्या आसपास असेल तर पैसे खर्च करू नका, तुमचा नळ आहे तसाच ठीक आहे. बेसिनला याहूनही कमी पुरतं. हात धुवायला ३ लिटरची धारसुद्धा चालते.

त्याच वेळी गळणारे नळही बघा. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री तपेलं ठेवा आणि सकाळी त्यातलं पाणी मोजा. तो आकडा पाहिल्यावर वॉशर बदलायला कुणी सांगावं लागणार नाही. वॉशर काही रुपयांना मिळतो, आणि गळका नळ दुरुस्त केल्याशिवाय एरेटर घेणं मला तरी पटत नाही.

फुकटातला उपाय तर खालीच असतो. बेसिन आणि सिंकच्या खाली भिंतीतून बाहेर येणारा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक. तो थोडा आवळला की वरच्या नळाची धार कमी होते. संडासातल्या जेट स्प्रेसाठी तर हाच उत्तम उपाय आहे. यात फेसाळ धार मिळत नाही, पण खर्च शून्य. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

मजला कितवा, यावर बरंच ठरतं

गच्चीवरच्या टाकीतून पाणी आपल्या वजनाने खाली येतं. साधारण १० मीटर उंचीला एक 'बार' दाब तयार होतो. बार हे दाबाचं माप. एक मजला सुमारे तीन मीटरचा धरला तर चौदा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर साडेतीन बारच्या आसपास दाब भरतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर तो अर्धा बारसुद्धा नसतो. नवीन उंच इमारतींत खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह आणि वरच्यांसाठी प्रेशर पंप बसवलेले असतात. जुन्या इमारतींत बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं.

दाब चौपट झाला की धार साधारण दुप्पट होते. म्हणून एकाच कंपनीचा, एकाच दिवशी बसवलेला नळ खालच्या फ्लॅटमध्ये धो धो वाहतो आणि वरच्या फ्लॅटमध्ये रडतो. पाकिटावरचा आकडाही बहुधा तीन बारसारख्या चांगल्या दाबावर मोजलेला असतो. ८ लिटरचा एरेटर अर्ध्या बारच्या नळाला लावला तर हातात जेमतेम ३ लिटर येतात. मग "जाळी बकवास आहे" असं मत होतं. जाळीत दोष नसतो, ती त्या मजल्यासाठी नसते.

यावर तोडगा आहे. काही एरेटरांत रबराची एक रिंग असते. दाब वाढला की ती दबून पसरते आणि पाण्याची वाट अरुंद करते, दाब कमी झाला की परत मोकळी होते. त्यामुळे दाब बराच बदलला तरी धार जवळपास सारखी राहते. दुकानात 'प्रेशर कॉम्पेन्सेटिंग' म्हणून मागा. साध्याहून थोडा महाग असतो, पण खालच्या आणि मधल्या मजल्यांसाठी हाच घ्यावा. सगळ्यात वरच्या एक-दोन मजल्यांवर आणि प्रेशर पंप नसेल तिथे आधी मोजणी, मग निर्णय.

चाळीत किंवा बैठ्या घरात महापालिकेच्या थेट लाइनवर नळ असेल आणि पाणी तासभरच येत असेल, तर त्या नळाला काहीही लावू नका. त्या तासात जास्तीत जास्त पाणी भरून घेणं हेच महत्त्वाचं.

दुकानात काय मागायचं

सर्वांत जास्त घोळ आट्यांचा होतो. नळाच्या तोंडाला आतल्या बाजूने आटे असतील तर बाहेरून आटे असलेला एरेटर लागतो, त्याचं नेहमीचं माप २४ मिलिमीटर. नळाला बाहेरून आटे असतील तर आतून आटे असलेला एरेटर, सहसा २२ मिलिमीटरचा. ही मापं लक्षात ठेवण्यापेक्षा जुनी जाळी काढून खिशात घालून दुकानात न्या. नसेल तर नळाच्या तोंडाचा जवळून फोटो काढून न्या.

बऱ्याच घरांत भिंतीवरचा साधा नळ, म्हणजे बिब कॉक असतो, त्याच्या तोंडाला आटेच नसतात. त्यावर रबरी कॉलरचे जोड मिळतात, पण माझ्या मते ते टिकत नाहीत, दाब वाढला की निसटतात. अशा वेळी 'फोम फ्लो'वाला नळ घेणं बरं. बजेट कमी असेल तर पीटीएमटीचे प्लास्टिक नळ चांगला पर्याय आहेत. ते गंजत नाहीत आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यालाही टिकतात. पितळी असो की प्लास्टिक, आयएसआय खूण बघा. कमी पाणी वापरणाऱ्या फिटिंगसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये वेगळं मानक काढलं आहे आणि त्यात तारांकनाची सोय आहे. पाकिटावर तारे दिसले तर तेच घ्या. नसतील तर मिनिटाला किती लिटर हा आकडा छापलेला हवा. ज्यावर एकही आकडा नाही, ती जाळी फक्त शोभेची समजा.

सिंकसाठी फिरणारा, दोन धारांचा एरेटर घ्या. एका बाजूला फेसाळ धार, दुसरीकडे फवारा. ५ ते ६ लिटरचा पुरतो. बेसिनसाठी साधा ३ लिटरचा. साधे तुकडे शंभर-दीडशे रुपयांच्या घरात मिळतात, फिरणारे आणि दाब सांभाळणारे त्याहून महाग.

बसवायला प्लंबर लागत नाही. हाताने आवळा, शेवटचा अर्धा फेरा कापड गुंडाळून पकडीने. टेफ्लॉन टेपचीही गरज नाही, कारण आतला रबरी वॉशर पाणी अडवतो. बाजूने पाणी झिरपलं तर वॉशर तिरका बसला आहे, काढून सरळ करा.

"भांडी घासायला दुप्पट वेळ लागेल"

थोडा जास्त लागेल, दुप्पट नाही. विसळताना आपण बरंचसं पाणी भांड्याला न लागताच सिंकमध्ये घालवतो, कपात होते ती त्याच वाया जाणाऱ्या पाण्याची. पण एक विनंती मनापासून आहे. भांडी घासायला ताई येत असतील तर जाळी लावण्याआधी त्यांना विचारा. चार घरांची कामं करणाऱ्या बाईच्या हातातला वेळ ही तुमच्या पाण्याइतकीच मोलाची गोष्ट आहे. फवारा आणि धार कशी बदलायची ते त्यांना दाखवा, दोन दिवस वापरू द्या आणि त्रास होतो म्हणाल्या तर एक पायरी मोठा एरेटर आणा. त्यांना न पटलेली जाळी टिकणार नाही, आणि टिकू नये.

"चार दिवसांत चोंदते"

चोंदते, हे खरं आहे. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात, टाकीच्या तळाशी गाळ असतो. जाळी तो अडवते. महिन्या-दोन महिन्यांनी ती काढून अर्धा तास व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. न धुतलेल्या जाळीवर बुळबुळीत थर साचतो, म्हणून आरोग्यासाठीही हे आवश्यक आहे.

शटडाऊननंतर पाणी सुरू होतं तेव्हा पहिलं पाणी गढूळ येतं. तेव्हा सिंक उघडण्याआधी बाथरूममधला बिनजाळीचा नळ सोडा, पाणी स्वच्छ दिसू लागलं की मगच सिंककडे वळा. ते गढूळ पाणी फ्लशसाठी बादलीत धरा.

"गिझर चालेल ना?"

साठवणीच्या इलेक्ट्रिक गिझरला काही फरक पडत नाही. गॅस गिझरचं मात्र वेगळं आहे. पाण्याचा ठरावीक जोर मिळाला तरच त्याचा बर्नर पेटतो. गॅस गिझरच्या गरम पाण्याच्या नळाला किंवा शॉवरला धार फार बारीक करणारं काही लावलं तर तो पेटणारच नाही, नाहीतर मधेच विझेल. अशा घरात एरेटर फक्त गार पाण्याच्या नळांना लावा.

"पाइपलाइनी फुटतात, त्याचं काय?"

हा आक्षेप रास्त आहे. रस्त्यावर वाहून जाणारं पाणी पाहून कुणालाही चीड येते, आणि महापालिकेला त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण तो जाब विचारल्याने आज आपल्या टाकीत आलेलं पाणी वाढत नाही. तेवढ्याच पाण्यात संध्याकाळ काढायची असेल तर हाताशी असलेला उपाय करावा. एक करताना दुसरं सोडायचं कारण नाही.

एका घराने केलं तर किती, सोसायटीने केलं तर किती

धरा, सिंकचा नळ मिनिटाला १२ लिटरचा आहे आणि दिवसभरात मिळून १५ मिनिटं उघडा असतो. १८० लिटर झाले. ६ लिटरचा एरेटर लावला आणि वेळ थोडा वाढून १७ मिनिटं झाला, तर १०२ लिटर. रोज ७८ लिटर वाचले. चौघांच्या ५४० लिटरच्या वाट्यात हा आकडा लहान नाही.

पण बहुतेक सोसायट्यांत पाण्याचं बिल सगळ्या फ्लॅटवर सारखं वाटलं जातं. तुम्ही एकट्याने ७८ लिटर वाचवले तर तुमच्या मेंटेनन्समध्ये एक रुपयाही कमी होत नाही, आणि मग उत्साह मावळतो. हाच हिशोब १२० फ्लॅटचा केला तर रोज ९,३६० लिटर होतात, म्हणजे १०,००० लिटरचा जवळपास एक टँकर. टँकरचं बिल महिन्याच्या हिशोबात वेगळं दिसतं, ते कमी झालेलं सगळ्यांना दिसेल. खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या पंपाची वीजही तेवढी वाचेल. प्रत्येक घराचा आकडा वेगळा असणार, म्हणून माझ्या आकड्यांवर विसंबू नका. आधी पाच-सहा घरांत मोजा, आणि ती वेगवेगळ्या मजल्यांवरची असू द्या.

कमिटीने घाऊक खरेदी करायची ठरवली तर सगळ्या फ्लॅटना एकच माल वाटण्याचा मोह टाळा. मजल्यांचे तीन गट करा: खाली आणि मध्ये दाब सांभाळणारे एरेटर, वर मोजणीनुसार. प्रत्येक फ्लॅटच्या आट्यांचं माप वॉचमनच्या वहीत नोंदवून घ्या, नाहीतर निम्मा माल परत करावा लागेल. क्लब हाऊस, वॉचमन केबिन आणि पार्किंगमधल्या सामायिक नळांपासून सुरुवात केली तर कुणाच्या स्वयंपाकघराला हात न लावता मालाचा दर्जा कळतो. गाड्या धुण्याच्या बादलीच्या नळाला मात्र जाळी नको. आणि ठरावात एक ओळ जरूर घाला: टाक्या धुतल्यावर दोन-तीन दिवसांत प्लंबरने ज्येष्ठ नागरिकांच्या घरी जाऊन जाळ्या काढून स्वच्छ करून द्याव्यात, कारण पकडीने आटे सोडवणं त्यांना जमत नाही आणि चोंदलेला नळ घेऊन ते गप्प बसून राहतात.